मासा नसलेल्या तळ्यावरची शाळा

फ्लाय कास्टिंग ही वजन नसलेली वस्तू दूर नेऊन टाकण्याची विद्या आहे. गळाच्या इतर प्रकारांत आमिषाला किंवा त्याच्यासोबतच्या शिशाला वजन असते. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे ते पुढे जाते आणि दोरीला आपल्यामागे ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, लोकर आणि रेशीम गुंडाळून केलेली कृत्रिम माशी असते. ती हाताने भिरकावली तर दोन पावलांवर पडेल. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते. काठी मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत पसरते. काठी पुढे आणली की ती वळसा घेत पुढे उलगडते आणि शेवटी टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकते. ही सगळी हालचाल दोन-तीन सेकंदांत आटोपते. पण तिचा अर्धा भाग फेकणाऱ्याच्या पाठीमागे घडतो, जोर वाढवला की काम सुधारण्याऐवजी बिघडते, आणि चूक नेमकी कुठे झाली हे करणाऱ्याला सहसा उमगत नाही. त्यामुळे ही विद्या शिकायला बाजूला उभे राहून पाहणारा माणूस लागतो. हा माणूस कोण होता आणि तो नेमके कशाकडे पाहत होता, या दोन गोष्टी गेल्या चारशे वर्षांत पार बदलल्या आहेत.

अगदी जुन्या काळी शिकवण्यासारखे फारसे काही नव्हतेच. रोमन लेखक एलियनने इसवी सन 200 च्या सुमारास मॅसेडोनियातील मासेमारीचे वर्णन केले आहे. तिथले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून माशीचा आभास निर्माण करत. त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. एवढ्या आखूड दोरीला फेकण्याचे तंत्र लागत नाही. ती नुसती पाण्यावर धरली तरी पुरते. इंग्लंडमध्ये 1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर तो परंपरेने चालत आला आहे, पण तिचे कर्तृत्व अभ्यासकांना मान्य नाही. काठी कशी करावी, घोड्याच्या शेपटीचे केस कसे रंगवावेत आणि वळावेत, कोणत्या महिन्यात कोणती माशी बांधावी हे सारे त्यात बारकाईने आले आहे. माश्यांचे बारा प्रकार दिले आहेत. साहित्याविषयी इतका तपशील देणाऱ्या ग्रंथात हाताच्या हालचालीबद्दल मात्र जवळपास काही नाही. केसांची दोरी लांब काठीच्या शेंड्याला बांधलेली असे, रीळ नव्हते, त्यामुळे दोरी किती दूर जाणार हे काठीच्या लांबीनेच ठरत होते.

इझाक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ची पहिली आवृत्ती 1653 मध्ये निघाली. पुस्तक संवादरूप आहे आणि त्यात जाणता मासेमार नवख्याला शिकवतो. वॉल्टनची खरी गती आमिषाच्या मासेमारीत होती. 1676 च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने माशीच्या मासेमारीवरचा भाग जोडला, आणि त्याचाही साचा गुरू-शिष्य संवादाचाच ठेवला. वाटेत भेटलेल्या प्रवाशाला यजमान आपल्या घरी नेतो, डव्ह नदीच्या काठी उभा करतो, त्याच्यासमोर माशी बांधून दाखवतो आणि मग काठी त्याच्या हाती देतो. कॉटनने 1674 मध्ये या नदीच्या काठी बांधलेली छोटी दगडी वास्तू अजून उभी आहे आणि तिच्या दारावर त्याची आणि वॉल्टनची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. पुस्तकाचा हा घाट वाङ्मयीन हौसेपोटी आला असे म्हणता येईल, पण विद्या कशी पुढे जात होती याचे ते बरेचसे खरे चित्र आहे: एक माणूस, एक पाहुणा, एक ओळखीची नदी.

एकोणिसाव्या शतकात साहित्य बदलले आणि फेक अवघड झाली. रिळामुळे दोरीची लांबी काठीपासून मोकळी झाली. केसांच्या हलक्या दोरीची जागा आधी केस-रेशमाच्या मिश्रणाने आणि शतकाच्या उत्तरार्धात तेल मुरवलेल्या रेशमी दोरीने घेतली. ही दोरी वाऱ्याविरुद्धही जाण्याइतकी जड होती. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपने 1840 च्या दशकात बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या करायला सुरुवात केली. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांच्या काठीचा धंदा उभा केला. या काठ्यांसाठी लागणारा बांबू सुरुवातीला हिंदुस्थानातून जात असे आणि व्यापारात त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. चिरलेल्या बांबूची काठी वाकायची, ताण साठवायची आणि तो परत द्यायची. आता फेकणाऱ्याला हा ताण कधी भरायचा आणि कधी सोडायचा हे शिकणे भाग होते.

दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये, टेस्ट आणि इचिन या नितळ नद्यांवर, या गरजेला आणखी धार आली. तिथे माशी पाण्यावर तरंगती ठेवायची, ट्राउट दिसल्यावर नेमकी त्याच्या वरच्या बाजूला टाकायची, आणि दर वेळी हवेत दोन-तीन खोट्या फेका करून तिच्यातले पाणी झटकायचे अशी पद्धत रूढ झाली. फ्रेडरिक हॅलफर्डने ती 1886 आणि 1889 च्या दोन पुस्तकांत शास्त्रासारखी मांडली. परंतु हॅलफर्ड स्वतः शिकला तो जॉर्ज सेल्विन मॅरियटकडून. विंचेस्टरच्या जॉन हॅमंडच्या दुकानात 1879 मध्ये दोघांची भेट झाली आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी एकत्र काम केले. मॅरियट त्या काळातला सर्वांत कुशल फेकणारा मानला जाई. पुस्तकावर सहलेखक म्हणून नाव घालू द्यायला मात्र त्याने नकार दिला. या इतिहासात हे वारंवार दिसते. ज्याच्या हातात विद्या असते तो लिहीत नाही, आणि लिहिणारा दुसऱ्याच्या हाताचे वर्णन करतो.

स्कॉटलंडमध्ये तर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. स्पे नदी रुंद, वेगवान आणि काठावर दाट झाडी असलेली. पाठीमागे दोरी पसरायला जागाच नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे दोन्ही हातांनी धरायच्या लांब काठीने दोरी पाण्यावरून उचलून, शेजारी टेकवून, मागे न नेताच पुढे फेकण्याची रीत घडली. तीच आजची स्पे कास्टिंग. ती जोपासली गिलींनी, म्हणजे जमीनदारांच्या नदीवर पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या नोकरांनी. शतकाच्या मध्यावर रेल्वे उत्तरेकडे पोचली, राजघराण्याने 1852 मध्ये बालमोरल विकत घेतल्यावर हायलँड्सला जाणे प्रतिष्ठेचे झाले, आणि हंगामात येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना गिलीच शिकवू लागले. नोकराने मालकाला शिकवायचे, तेही चूक तोंडावर फार न दाखवता. या अडचणीचा शिकवण्याच्या पद्धतीवर परिणाम झालाच असणार: बोलणे कमी, करून दाखवणे जास्त. या फेकीवर सविस्तर पुस्तके आली ती फार उशिरा. ह्यू फाल्कस या लेखक-चित्रपटकाराचे प्रसिद्ध पुस्तक 1994 चे आहे आणि त्याआधी तो कंब्रियातील आपल्या घराजवळ शिष्यांना प्रत्यक्ष शिकवत असे.

ब्रिटिश अधिकारी जिथे गेले तिथे ट्राउट आणि ही गिलीची सोबत दोन्ही गेली. काश्मीरमध्ये 1900 साली स्कॉटलंडहून आलेली ट्राउटची अंडी जगली आणि हारवनला पैदास सुरू झाली. पुढे कुलू आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांतही ट्राउट रुजले. महाराष्ट्रातल्या नद्यांचे पाणी या माशाला उबदार पडते, म्हणून सह्याद्रीच्या या बाजूला ती परंपरा आली नाही.

शिकवण्याची जागा नदीकाठावरून हलली ती अमेरिकेत, आणि हलवली स्पर्धांनी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील हार्लेम मीर या तळ्यावर 1882 मध्ये नॅशनल रॉड अँड रील असोसिएशनने फेकीच्या स्पर्धा घेतल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनाच्या निमित्ताने सिरॅक्यूजचा रूबेन वुड ब्रिटिशांशी स्पर्धा करून आला. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातही फेकीची स्पर्धा होती. 1906 मध्ये स्थानिक क्लबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिने आपल्या नावात ‘सायंटिफिक’ हा शब्द आवर्जून घातला. जुन्या मंडळींना हा प्रकार पोरकट वाटे. मासा नाही, प्रवाह नाही, ओलीचिंब पहाट नाही, मग याला मासेमारी कशी म्हणायची? आक्षेप खरा होता, पण फायदा त्यातच होता. मासा गेला म्हणजे नशीब गेले. नदीवर वाईट फेकीलाही कधी मासा लागतो आणि उत्तम फेक रिकामी जाते. शिकणाऱ्याला त्यातून खोटाच धडा मिळतो. तळ्यावर फीतच निकाल देते. पाण्यावर 30 इंच व्यासाची कडी तरंगत ठेवायची आणि माशी तिच्या आत टेकली की नाही एवढेच पाहायचे, हा नेमकेपणाच्या स्पर्धेचा प्रकार अजून चालतो. चूक पुन्हा पुन्हा त्याच परिस्थितीत करून पाहता येणे ही शिक्षणाची पहिली सोय तिथे झाली.

सॅन फ्रान्सिस्को हे या बदलाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. तिथला फ्लाय कास्टिंग क्लब 1894 मध्ये सुरू झाला आणि गोल्डन गेट पार्कमधील स्टो लेकवर सराव करी. त्यातून 1933 मध्ये गोल्डन गेट अँगलिंग अँड कास्टिंग क्लब वेगळा निघाला. महामंदीचा काळ होता. बेकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने काढलेल्या वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशनकडून 1938 मध्ये पार्कात खास फेकीसाठी तळी बांधून झाली आणि पुढच्या वर्षी शेजारी लाकडी क्लबघर उभे राहिले. तळी एकूण तीन, सिमेंटची, आणि त्यांत मासे नाहीत. बाग सार्वजनिक असल्याने कोणीही येऊन काठी फिरवू शकतो, आणि क्लबचे जुने सदस्य नवख्यांना फुकट शिकवण्याचे वर्ग चालवत आले आहेत.

या व्यवस्थेतून काय निपजले ते नावांवरून कळते. पन्नाशीच्या दशकात जॉन टॅरँटिनो, पुढे लहानपणीच या तळ्यांवर आलेला आणि नंतर अनेकदा जगज्जेता झालेला स्टीव्ह राजेफ. मॅक्सीन मॅकॉर्मिक ही मुलगी वडिलांबरोबर इथे यायला लागली. क्रिस कोरिच या अनुभवी सदस्याने तिला घडवले आणि 2016 मध्ये एस्टोनियात झालेल्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या बाराव्या वर्षी, ती महिलांच्या ट्राउट नेमकेपणा प्रकारात जिंकली. दोन वर्षांनी तिने ते पद राखले. बारा वर्षांच्या मुलीच्या दंडात बळ ते किती असणार? बळाने फेक होत नाही हे प्रत्येक शिक्षक सांगतो. इथे त्याचा पुरावा सर्वांसमोर होता.

स्पर्धेतले शोध हळूहळू नदीवर उतरले. ओरेगनच्या मार्विन हेजने 1934 च्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या हाताने दोरीला प्रत्येक फेकीत दोनदा ओढ देऊन अंतराचे जुने विक्रम मागे टाकले. एक ओढ मागच्या फेकीला, एक पुढच्या. ही दुहेरी ओढ त्याच्या आधीही काही जणांना माहीत होती, पण तिचा गाजावाजा त्या दिवसापासून झाला. आज समुद्रात वाऱ्याविरुद्ध फेकणाऱ्या कोणालाही ती यावीच लागते. शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने हा अवघड पाठ आहे, कारण दोन हातांनी एकाच वेळी वेगवेगळी कामे करायची असतात. बरेच शिक्षक ती आधी काठीशिवाय, नुसत्या हातवाऱ्यांनी करून घेतात.

नदीकाठची शिकवण मात्र बराच काळ शरीराला बांधून ठेवणारी राहिली. कोपर अंगाला चिकटलेले हवे म्हणून काखेत पुस्तक धरून फेकायला लावत. खांद्याशेजारी घड्याळाची तबकडी कल्पून काठी दहाच्या काट्यापासून एक किंवा दोनच्या काट्यापर्यंतच न्यायची, असा दंडक होता. नॉर्मन मॅक्लेनच्या 1976 च्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या कादंबरिकेत मोंटानातला धर्मोपदेशक बाप आपल्या मुलांना चार मात्रांच्या ठेक्यात, मेट्रोनोम लावून हे शिकवतो. रॉबर्ट रेडफर्डने 1992 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, त्यातल्या फेकींसाठी जेसन बोर्गर हा तरुण पडद्यामागे काठी धरून होता, आणि चित्रपटानंतर अमेरिकेत शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली. ठेका आणि घड्याळ यांत चूक अशी नव्हती. लहान ओढ्यावर, थोड्या दोरीला, हे प्रमाण बरोबर लागू पडते. दोरी लांब झाली की मात्र तोच कोन कमी पडतो, आणि विद्यार्थी नियम पाळूनही फसतो.

या दंडकाला उघड आव्हान दिले लेफ्टी क्रे याने. मेरीलँडच्या फ्रेडरिक गावचा हा माणूस दुसऱ्या महायुद्धातून परतला तेव्हा साध्या रिळाने मासे धरत असे. 1947 मध्ये जो ब्रुक्स या लेखकाबरोबर पोटोमॅक नदीवर गेला असताना ब्रुक्सला माशीवर मासे लागताना त्याने पाहिले आणि पहिली फ्लायची काठी त्याच्याच सल्ल्याने घेतली. ब्रुक्सने शिकवले ते जुन्या घड्याळाच्या पद्धतीने. क्रे समुद्रात मोठ्या माश्या आणि जड दोऱ्या फेकू लागला तसे त्याला ते घड्याळ अपुरे वाटू लागले. त्याने हात मागे दूरपर्यंत नेऊ दिला, शरीराला वळू दिले, आणि 1960 च्या दशकापासून लेखांतून आणि प्रात्यक्षिकांतून ही मोकळी पद्धत पसरवली. 2018 मध्ये त्याचे निधन होईपर्यंत तो देशोदेशी शिकवत फिरला.

शरीर मोकळे करणे हा अर्धा भाग. फेकीच्या अवयवांना नावे देणे हा दुसरा, आणि तो प्रामुख्याने जोन वुल्फ यांनी केला. न्यू जर्सीच्या पॅटर्सन गावात 1926 मध्ये जन्मलेल्या जोन साल्व्हाटो यांचे वडील खेळाच्या सामानाचे दुकानदार आणि गावच्या कास्टिंग क्लबचे सदस्य होते. दहा वर्षांच्या जोनने एकदा वडिलांची काठी न विचारता तळ्यावर नेली. फेकता फेकता काठीचा पुढचा तुकडा निसटून पाण्यात बुडाला. शेजाऱ्याने दाताळ्याने तो काढून दिला. वडील रागावले नाहीत. त्यांनी मुलीला क्लबात नेले. 1943 ते 1960 या काळात जोन यांनी सतरा राष्ट्रीय पदे मिळवली, 1951 मध्ये सगळे प्रतिस्पर्धी पुरुष असताना अंतराची एक स्पर्धा जिंकली, आणि 1960 मध्ये 161 फूट, म्हणजे सुमारे 49 मीटर फेक केली.

याच काळात त्या नृत्य शिकवत होत्या, आणि या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. नृत्यशिक्षक विद्यार्थ्याला नुसते ‘असे कर’ म्हणत नाही. हालचाल तोडून, प्रत्येक तुकड्याला नाव देऊन, मग पुन्हा जोडून शिकवतो. लेखक आणि चित्रपटकार ली वुल्फ यांच्याशी 1967 मध्ये लग्न झाल्यावर दोघांनी न्यूयॉर्क राज्यात बीव्हरकिल नदीजवळ 1979 मध्ये शाळा काढली. 1987 च्या आपल्या पुस्तकात जोन यांनी फेकीचे टप्पे पाडले: आधी दोरीचा ताण काठीवर घेणारी सावकाश हालचाल, मग शेवटचा झटपट जोर, मग थांबा आणि मग दोरीमागे सरकणे. प्रत्येक टप्प्याला नाव दिले. त्याआधी शिक्षक ‘जोर जास्त लागतोय’ एवढेच म्हणू शकत होता. आता जोर कोणत्या टप्प्यावर जास्त लागतोय हे सांगता येऊ लागले. दंडात फारसे बळ नसलेल्या बायका आणि मुले नीट शिकू लागली ती या तपशिलामुळे.

दरम्यान बाजारही तयार झाला होता. 1940 च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या आल्या आणि नंतर प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या. रेशमी दोरी जाडीवरून ओळखली जाई. प्रत्येक जाडीला एक अक्षर, आणि दोन्ही टोकांना निमुळत्या दोरीला एचडीएच असे नाव. नव्या दोऱ्यांत जाडी तीच पण वजन वेगळे निघू लागले, तेव्हा 1961 मध्ये अमेरिकन उत्पादकांनी दोरीच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरवले. पाच क्रमांकाची दोरी म्हणजे 140 ग्रेन, सुमारे नऊ ग्रॅम. हे रटाळ वाटणारे प्रमाणीकरण शिकवण्याच्या कामी फार आले, कारण वर्गातल्या दहा जणांच्या हातात जुळणारी काठी-दोरी देणे आता सोपे झाले. व्हर्मोंटच्या ऑर्व्हिस कंपनीने 1966 मध्ये आपली शाळा सुरू केली. कंपनीला काठ्या विकायच्या होत्या हे उघड आहे. ज्याला फेकता येत नाही तो दुसरी काठी घेत नाही. फेनविक कंपनीनेही अशा शाळा काढल्या आणि 1973 मध्ये तिने बाजारात आणलेल्या ग्राफाइटच्या काठीने फेक आणखी वेगवान झाली.

कंपन्यांच्या आणि क्लबांच्या शाळा वाढल्या तसा नवा प्रश्न आला: शिकवणारा खरेच जाणता आहे की नाही हे कोण ठरवणार? उत्तम फेकणारा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. बहुतेकदा आपला हात काय करतो हे त्यालाच माहीत नसते. सॅन फ्रान्सिस्कोचे शिक्षक मेल क्रीगर यांच्या पुढाकाराने फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्सने 1992 मध्ये शिक्षकांसाठी प्रमाणपत्राची परीक्षा सुरू केली. क्रीगर स्वतः शिकणाऱ्यांचे दोन स्वभाव मानत, अभियंते आणि कवी. पहिल्यांना कारण सांगावे लागते, दुसऱ्यांना अनुभव. परीक्षेची रचना मासलेवाईक आहे. उमेदवाराला चांगली फेक करून दाखवावी लागतेच, पण चुकीचीही मुद्दाम करून दाखवावी लागते: रुंद वळसा, किंवा दोरीचा वरचा भाग खालच्याला ओलांडतो तो गुंतवणारा वळसा. मग त्या चुकीचे कारण आणि उपाय बोलून दाखवायचे. जो चूक हुकमी करू शकतो त्याला ती दुसऱ्याच्या हातातही ओळखता येते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. पुढे वरच्या श्रेणीची आणि दोन हातांच्या काठीची वेगळी परीक्षाही आली. ब्रिटनमध्ये अशाच स्वतंत्र संघटना आहेत.

या परीक्षांना सामायिक भाषा मिळाली ती जे आणि बिल गॅमल या टेक्सासच्या पिता-पुत्रांच्या 1990 च्या छोट्या पुस्तिकेतून. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या. दोरीत ढील नको. काठीचे टोक सरळ रेषेत सरकले पाहिजे. दोरी जितकी लांब तितकी हालचाल लांब. जोर हळूहळू वाढवत नेऊन एकदम थांबायचे. आणि प्रत्येक फेकीनंतर दोरी उलगडेपर्यंत वाट पाहायची. या पाचांत कोपर नाही, मनगट नाही, घड्याळाचा काटा नाही. सूचना सगळ्या काठीच्या टोकाला आणि दोरीला. टोकाचा मार्ग कमानीसारखा झाला तर वळसा रुंद होतो आणि वारा त्याला अडवतो. मधेच खाली दबला तर दोरी स्वतःतच गुंतते. शिक्षक आता विद्यार्थ्याच्या हाताआधी दोरीच्या वळशाकडे पाहतो आणि तिथून मागे येत हातातले कारण शोधतो.

सरावाची रीतही यातूनच ठरली. गळाऐवजी टोकाला लोकरीचा गोंडा बांधून हिरवळीवर उभे राहायचे, सुरुवातीला नऊ-दहा मीटरच दोरी बाहेर काढायची, आणि मान वळवून मागची फेक डोळ्यांनी पाहायची. नवख्यांची बहुतेक दुखणी तिथेच असतात, कारण मागे दोरी उलगडायच्या आतच ते काठी पुढे खेचतात. एकाच दिवशी तासभर राबण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बरी असे बहुतेक शिक्षक सांगतात. दमलेला हात जोर लावू लागतो आणि चुकीची सवय अंगात मुरते. काही जण काठी जमिनीला समांतर धरून फेकायला लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंची दोरी समोरच दिसते.

पाहणाऱ्याच्या डोळ्यांना यंत्राची जोडही मिळाली. मिशिगन विद्यापीठातील नोएल पर्किन्स यांनी दोरीच्या गतीचे गणिती प्रतिमान मांडले आणि सायंटिफिक अँगलर्स कंपनीच्या ब्रूस रिचर्ड्स यांच्या साथीने काठीला बांधायचे एक उपकरण केले. त्यातला जायरोस्कोप काठीच्या वळण्याचा वेग नोंदतो आणि आलेख काढतो. निष्णात फेकणाऱ्याचा आलेख गुळगुळीत चढतो आणि कड्यासारखा तुटतो; नवख्याचा मधेच अडखळतो. यंत्राने नवे तत्त्व काही दिले नाही. शिक्षक जे तोंडाने सांगत होते ते कागदावर दिसू लागले. हालचाल मोबाइलवर टिपून संथ गतीने पाहणे आता सर्रास झाले आहे, आणि रोजच्या कामाला ते या उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

नियम शरीराऐवजी दोरीला लागू केल्याचा सर्वांत मोठा परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसला. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांसाठी व्हर्मोंटमध्ये 1996 साली ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था निघाली. शस्त्रक्रियेनंतर आखडलेल्या खांद्याला आणि छातीच्या स्नायूंना फेकीची हालचाल हलका ताण देते. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात 2005 मध्ये निवृत्त नौदल अधिकारी एड निकल्सन यांनी जखमी सैनिकांसाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ सुरू केले. तिथे शिकायला आलेल्यांत हात गमावलेले होते, चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. काखेत पुस्तक धरायला लावणारी जुनी शाळा त्यांना काहीच शिकवू शकली नसती. इथे काठी कृत्रिम हाताच्या पकडीत बसवली जाते, बसून फेकताना दोरी आखूड ठेवतात, रिळावरचा दुसरा हात नसेल तर दोरी दातांत धरण्याचा उपायही वापरला जातो. शिक्षक पाहतो ते काठीचे टोक सरळ सरकते की नाही, आणि मागे दोरी उलगडली की नाही.